वटारलेले डोळे

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. पवनीत आमचं हातमागाच्या पातळांचं दुकान होतं. दुकान माझं, पण माझं ऐकणारं त्यात कोणी नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, विणकर आणेल तो माल.

त्या वर्षी मी वाळत चाललो. हात थरथरायचे, छाती धडधडायची, थंडीतही घाम फुटायचा. मग डोळे पुढे आले. वरच्या पापण्या मागे सरकल्या आणि बुबुळांभोवतीचं पांढरं दिसू लागलं. मी नुसतं ‘या, बसा’ म्हटलं तरी समोरच्याला दरडावल्यासारखं वाटे.

परिणाम उत्तम झाला. घासाघीस करणाऱ्या बाया पहिल्याच भावात पातळ नेऊ लागल्या. शेजाऱ्याने माझ्या ओट्याला टेकवलेली मोटारसायकल आपणहून हलवली. गणेश मंडळाने मला अध्यक्ष केलं. ‘मंडळाले असाच कडक माणूस पाहिजे होता,’ असं भर सभेत सांगण्यात आलं. सभेत मी एक शब्दही बोललो नव्हतो.

मग एके दिवशी नवं पातळ उलगडलं तर काठ लाटांसारखा. आमचे म्हातारे विणकर वडिलांच्या काळापासून माल देणारे.

“काठ वाकडा आला जी,” मी म्हटलं.

त्यांनी काठाकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. “हो जी. थोडा वाकडाच दिसून राहिला.”

ते पातळ परत घेऊन गेले. पुढचंही वाकडं निघालं, तेही त्यांनी मान्य केलं. पुढे दाराची चौकट वाकडी दिसू लागली. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, “लाकूड फुगलं असंल जी.” विजेचे खांबही वाकले. सगळं गाव मला वाकडं दिसत होतं आणि गाव ते मुकाट्याने कबूल करत होतं.

शेवटी बायकोने मी वाकडं ठरवलेलं आणखी एक पातळ उंबऱ्याशी उजेडात पसरलं.

“काठ सरळ आहे. त्या म्हाताऱ्याले काहून छळून राहिले?”

“ते स्वतःच वाकडा म्हणले.”

“तुमच्या डोळ्यांले भेऊन म्हणले. मी नाही भेत. चला भंडाऱ्याले.”

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत पाहिलं.

“पडदा फाटलेला नाही, पण त्यावर घड्या पडल्यात,” ते म्हणाले. “मूळ दुखणं थायरॉइडचं आहे. यात शरीर चुकून डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवरच उलटतं. ते सुजतात. भोवतीची खोबण हाडाची, ती काही रुंदावत नाही. मग डोळा पुढे येतो, मागून दाब बसतो आणि पडद्याला घड्या पडतात. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. लाल रंग फिका वाटतो का?”

वाटत होता. मी त्याचा दोष रंगाऱ्याला देऊन मोकळा झालो होतो.

“मग डोळ्याची नसही दाबली जात असेल. आजच नागपूरला जा. आणि विडी बंद.”

नागपुरात सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर लोक भेटायला येऊ लागले. कोणी दृष्ट काढायला लिंबू आणलं, कोणी मिरच्या. बहुतेकांनी माझ्या खाटेशी बसून विडी पेटवली. एकाने निदानही केलं, “तुमी विडी सोडली, म्हणून आतली गरमी डोळ्यांतून निघून राहिली.” बायकोने त्याला विडीसकट बाहेर काढलं. त्यासाठी तिला डोळे वटारावे लागले नाहीत.

काही महिन्यांनी लाल पुन्हा लाल दिसू लागला. चौकट सरळ झाली. उजव्या डोळ्यात एक बारीक घडी राहिली, ती आजही आहे. डोळे बरेचसे मागे गेले, त्याबरोबर माझा दराराही. मंडळाने ‘तब्येत सांभाळा’ म्हणून नवा अध्यक्ष नेमला. बाया पुन्हा पातळ अर्ध्या भावात मागू लागल्या.

मी विणकरांच्या घरी गेलो. “काठ सरळच होते जी,” मी सांगितलं.

“मले ठाऊक होतं.”

“मग बोलले काहून नाही?”

“तुमी लई रागात होते.”

“मी रागात नव्हतो. तो रोग होता.”

त्यांनी मागाकडे बोट केलं. मग म्हणाले, “आन् मी भेऊन पुरा माग खोलून पुन्हा बसवला.”