सापेरावीचे पाणी

मनोहर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच अंगणात द्राक्षाच्या वेलीखाली उभा होतो. सक्करदऱ्यात आमची घरे शेजारी. तो धंतोलीच्या रुग्णालयात असेपर्यंत सकाळी वेल पाहायची आणि त्याला सांगायचे, एवढेच माझ्याकडे होते. त्या दिवशी सांगण्यासारखे काही नव्हते...

लकडगंजातल्या लाकडाच्या वखारीतून निवृत्त झाल्यावर त्याने सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा मांडव उभारला आणि नाशिककडच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून सापेरावीची काडी आणली. वाइनच्या द्राक्षाची ही जात मूळ जॉर्जियाची. आपल्याकडे फारशी कोणी लावत नाही. काळ्या द्राक्षाचा रंग सहसा सालीतच असतो, सापेरावीचा गरही लाल असतो. मनोहरला वेड लागले ते त्याचे. "नागपुरात संत्रं लाव ना गा," मी म्हणालो होतो. "संत्रं तं सारेच लावते." "आणि तू तं दारूले शिवत नाहीस." "प्याची कोणाले हाये? मले तो रंग पाहाचा हाये." गेल्या वर्षीचे दोन घड पिकण्याआधीच बुलबुलांनी संपवले. यंदा त्याने जाळी आणून ठेवली होती.

फळछाटणीच्या आधी द्राक्षाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, संत्र्याला देतात तसाच. पाणी मिळत राहिले तर वेल नुसती पाल्यावर जाते. मनोहरने वेलीचे पाणी तोडले आणि त्याच सुमारास त्याची मूत्रपिंडे बिघडली. डॉक्टरांनी त्याचेही पाणी मोजून द्यायला सांगितले. तो बायकोकडे, शालूवहिनींकडे, घोटभर मागायचा. त्या चमच्याने ओठ ओले करायच्या आणि तोंड फिरवायच्या. "काहून वं, मलेही ताण देऊन राहिली का?" तो हसला. मग लगेच, "तिचं पाणी बंद हाये ना?"

"बंदच हाये," वहिनी म्हणाल्या.

ते खरे नव्हते. दवाखान्यातून परतल्या की हातातली पिशवी पायरीवर ठेवून त्या आधी बादली भरत आणि वेलीच्या बुंध्याशी ओतत. मी एकदा हटकले. त्या थांबल्या नाहीत. "ह्यायले देता येत नाही, भाऊजी. हिले तं देऊ द्या."

दसऱ्यानंतर त्याने सांगितली तशी मी छाटणी केली. फूट जोरात आली. इवले घड दिसले, आणि जिरले. एकेकाची लांब, रिकामी बाळी झाली, मण्यांऐवजी नुसता वेलीचा ताणा. "घड दिसले का गा?" त्याने विचारले होते. दिसले, मी म्हणालो. त्या दिवसापुरते ते खरे होते. पुढे त्याने विचारले नाही.

आता मांडव हिरवागार आहे. खिळ्याला टांगलेल्या जाळीची घडी मोडलेली नाही. परवा वहिनी म्हणाल्या, "पुढच्या साली तं येईन ना घड?" पाणी तोडले तर येतील, एवढेच मी सांगितले. संध्याकाळी भिंतीपलीकडे नळ सुरू झाला. बादली भरत आल्याचा आवाज कळतो.