सिंधातली भातलावणी

सातवीत असताना माझ्या मोठ्या भावानं सिंध प्रांतात भाताची लावणी केली. कागदावर केली, पण अगदी चिखलात पाय रोवून केली. मी त्याच्याहून लहान, मला त्यात काहीच चूक दिसली नव्हती. भात होत नाही तिथली माणसं खातात तरी काय, असा माझा साधा सवाल होता.

पौडच्या आमच्या शाळेत पुण्याहून नवे गुरुजी आले होते. फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं पिंपरीच्या छावणीत राहत होती. गुरुजी तिथं जाऊन आले आणि ते काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. शाळेचं हस्तलिखित काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी वरच्या वर्गांना सांगितलं, निर्वासितांवर गोष्ट लिहा. घर सुटलेल्या माणसाच्या मनात काय होत असेल ते लिहा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वर्गातली निम्मी पोरं धरणात गाव गेलेल्यांची होती. पण निर्वासित म्हणजे आपण, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. निर्वासित वर्तमानपत्रात असतात, आगगाडीतून येतात, त्यांच्यासाठी वर्गणी गोळा होते. आमच्यासाठी कुणी वर्गणी काढली नव्हती, म्हणजे आम्ही ते नसणारच. आम्हाला लोक 'बुडितातले' म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणायचो.

मुळशीचं पाणी चढलं तेव्हा वडिलांना नुकतं मिसरूड फुटत होतं. तिथून उठून आमचं घर भरे गावाजवळ एका मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीत येऊन पडलं. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. त्यांची खाचरं अर्धेलीनं करायची, त्यांच्याच बांधाला कुडाचं घर घालून राहायचं. वडील, आमचे दादा, बुडालेल्या गावाबद्दल चकार शब्द काढत नसत.

एकदाच बोलले. थोरल्या बहिणीच्या लग्नाची पहिली अक्षत गावदेवाला द्यायची होती आणि आमचा देव होता पाण्याखाली. वैशाखअखेर पाणी उतरलं की देवळाचा कळस, मग चौथरा उघडा पडतो, म्हणून बुडितातली माणसं लग्नं तेव्हाच धरत. त्या वर्षी पाणी उतरलंच नाही. वडील कमरेइतक्या पाण्यात शिरले, कुंकवाचे तांदूळ पाण्यावर सोडले आणि म्हणाले, "देवा, हितनंच घे." मग नुसत्या पाण्याकडं बोट करून सांगू लागले, ते आपलं घर, त्याच्या मागं सुताराचं, तितं चिंच हुती. आम्ही दोघं काठावर उभे होतो. मला रडू आलं. भाऊ रडला नाही, बघत राहिला.

त्यानं ते सगळं सिंधात नेऊन ठेवलं. त्याच्या सिंधात चार महिने पाऊस पडायचा, बाप पाण्यात उभा राहून देवाला अक्षत द्यायचा, आणि नव्या गावातला जमीनवाला दरसाल म्हणायचा, "औंदा ऱ्हावा, फुडचं फुडं बघू." वाचताना गुरुजी आधी हसले. मग हसायचे थांबले.

"अरे, सिंधात एवढा पाऊस कुठला?" ते म्हणाले. "हे तुझंच गाव आहे ना? मग नाव घालून लिही. शाळेच्या संमेलनात तूच वाच."

भाऊ धावत घरी आला. इतकं आनंदलेलं मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. वडील दोर वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक येत्याल न्हवं ऐकाया?"

"व्हय. शाळंच्या कमिटीत हायेत की."

"मग सिंधातच ऱ्हाऊ दे ते."

"पर दादा, खरं हितलं हाय."

"खरं बोलून ऱ्हायचं कुटं?"

भीती खोटी नव्हती. कुळकायद्याची चर्चा गावोगाव होती. कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागेल म्हणून जमीनवाले आधीच माणसं उठवत होते. आम्हाला अजून कुणी काही म्हटलं नव्हतं. आपण गप्प बसलो तर आपला विसर पडेल, एवढीच वडिलांची आशा होती.

भावानं सिंधच वाचलं. मालक पुढच्या खुर्चीत बसले होते. अक्षतीच्या जागी त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि तिथल्या तिथं छावणीसाठी घोंगड्या जाहीर केल्या. टाळ्या पडल्या. गुरुजी जमिनीकडं बघत होते. मला त्या टाळ्यांचा आलेला संताप आजही उतरलेला नाही.

शिमगा झाला आणि मालकांनी घर हलवायला सांगितलं. वडील "बरं" म्हणाले. एवढंच. विसर पडावा म्हणून जन्मभर गप्प बसलेला माणूस, त्याला भांडायचं कसं सुचावं? सूसला आईच्या भावाकडं जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी मालक स्वतः आले. वाटेत खायला भाकऱ्या आणि ठेचा बांधून आणला होता. माणूस वाईट नव्हता हो, तिथंच तर सगळं अडतं. भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई झ्याक लिवलं हुतंस पोरा. लिवायचं सोडू नगंस."

भाऊ म्हणाला, "मालक, ती गोष्ट आमची हुती. सिंधातली न्हवती."

वडिलांच्या हातातलं जोखड थांबलं. आता तरी मालकांना दिसेल, असं मला खरंच वाटलं.

मालक हसले. मायेनंच हसले. "खुळा का काय! आरं, त्या बिचाऱ्यांना घरातनं हुसकून दिलं हुतं. तुमाला कोन हुसकतंय?"

त्यांच्या मागं त्यांचा गडी आमच्या घराचा कूड उपसून काढत होता.

त्यानंतर भावानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. वडिलांनी भाकऱ्यांचं फडकं दोन्ही हातांनी घेतलं, मालकांना वाकून रामराम केला आणि त्याला म्हणाले, "चल, बैल खोळंबल्यात."