हाउसिंगमध्ये पाणी शिरलं नव्हतं

शिरूरच्या बाजारात गेली दोन वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. म्हाताऱ्यानं हट्टानं कॅमेऱ्यासाठी कुणाचं तरी वापरलेलं हाउसिंग, म्हणजे पाण्याखालचं कवच, आणलं, विहिरीत त्यात पाणी शिरलं, कॅमेरा गेला आणि फोटोही गेला. दौंडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा माझा पुतण्या हीच गोष्ट जरा हळहळून सांगतो. हळहळीनं खोट्याचं खरं होत नाही. चाळीस वर्षं मी शिरूरला फोटो स्टुडिओ चालवला आहे. कॅमेरा पाण्याखाली न्यायचा तर त्याला कोणतं कवच हवं, हे मी शिकून आणि तपासून ठरवलं होतं. ती निवड चुकली नव्हती.

विहीर आमच्या गावची, घोड नदीच्या काठाला, मांडवगणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दगडी, पायऱ्यांची. ती पाटलांच्या पूर्वजांनी बांधली, असं गाव म्हणे. आमच्या घरी सांगत, की पैसा कुणाचाही असो, दगड घडवले ते माझ्या आजोबांनी. ते पाथरवट होते आणि आठव्या पायरीशेजारच्या दगडावर त्यांनी आपलं नाव कोरलं होतं. एका दुष्काळी उन्हाळ्यात वडिलांनी मला खाली नेऊन ते नाव दाखवलं. त्या अक्षरांवरून मी बोट फिरवलेलं मला आठवतं. पुढे नदीवर बंधारा झाला आणि विहिरीचं पाणी कायमचं वर आलं. तीन मोटारी दिवसभर चालवल्या तरी एक पायरी उघडी पडत नसे.

रस्ता रुंद करण्यासाठी विहीर बुजवायची आणि त्या जागी माहितीचा फलक लावायचा, असं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा फलकावर माझ्या आजोबांचं नाव हवं म्हणून मी उभा राहिलो. सरपंच म्हणाले, "आप्पा, तुमच्या तोंडाला कोण लागणार? पण फलकाला पुरावा लागतो. पुरावा आणा, नाव घालू."

पुतण्यानं मोबाइल प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोरीनं खाली सोडून पाहिला. हिरव्या अंधाराशिवाय त्यात काही आलं नाही. तेव्हा माझा डिजिटल एसएलआर कॅमेरा खाली न्यायचं मी ठरवलं. पुतण्याची पसंती जाड पारदर्शक पिशवीला होती. तिला पुढं एक काचेचा डोळा असतो.

"पिशवीच घ्या, आप्पा. दहा-पंधरा फूट तर जायचं. समुद्र हाय व्हय ह्यो?"

"पाण्याच्या दाबानं पिशवी आवळते. मग बटणं आपोआप दाबली जातात."

"दाबू द्या की. फोटोच काढायचाय न्हवं?"

अशा माणसाच्या सांगण्यावरून लोक माझी निवड तपासतात. हाउसिंग हा मापानं शिवलेला कोट असतो. ज्या मॉडेलचं, त्यालाच ते बसतं, आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक बटणावर बाहेरून नेमका खटका यावा लागतो. माझं मॉडेल जुनं, त्याची हाउसिंग्ज बनायची थांबलेली. कोकणात समुद्रात बुडी मारायचं शिक्षण देणाऱ्या एकाकडे ॲल्युमिनियमचं एक निघालं. पुढच्या काचेचे त्याच्याकडे दोन प्रकार होते, एक सपाट आणि एक घुमटासारखा. सपाट काच पाण्यात वस्तू मोठी दाखवते, पण तिच्या कडा कापते. गढूळ पाण्यात दगडापासून वीतभर अंतरावर जाऊनच फोटो घ्यावा लागणार होता, आणि तिथून सबंध दगड दिसावा तर रुंद कोनाची लेन्स आणि घुमटच हवा. मी घुमट घेतला. आजही तोच घेईन.

झाकणाच्या खाचेत रबरी कडी असते. तिला सिलिकॉन ग्रीसचा हात पुसट फिरवायचा. एक केस अडकला तरी पाणी आत येतं. पुतण्या मोटारीच्या ग्रीसचा डबा घेऊन आला. "समद्या पंपांना ह्येच लावतो." त्या ग्रीसनं रबर फुगतं, म्हणून मी त्याला डब्यासकट परत पाठवला. त्याच्या गोष्टीचं मूळ त्या डब्यात आहे. मग रिकाम्या हाउसिंगमध्ये वर्तमानपत्राची घडी घालून ते मी दोन दिवस हौदात बुडवून ठेवलं. घडी कोरडी निघाली.

खाली जाणारा होता राहू गावचा एक पाणबुड्या. मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फुटवॉल अडकला की लोक त्यालाच विहिरीत उतरवतात. त्यानं आधी एकदा दगड चाचपला होता. "आप्पा, बोटाला रेघा लागत्यात. अक्षरंच हायती. पर मी बोटानं वाचू कसं?" हौदात पाटी ठेवून मी त्याच्याकडून सराव करून घेतला. मग एका दुपारी, ऊन विहिरीत सरळ पडत असताना, तो उतरला. ब्रशनं शेवाळ घासलं, बॅटरी बाजूनं धरली आणि त्या दगडाचे व शेजारच्या दगडांचे मिळून नऊ फोटो घेऊन वर आला.

हाउसिंग पुसून मी उघडलं. आत थेंब नव्हता.

मग फोटो मोठा करून पाहिला. दगड सबंध आला होता, कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. त्यावर तिरप्या, समान अंतराच्या रेघा होत्या. दगड घडवताना कोणताही पाथरवट टाकीचे असे घाव घालतो. नाव नव्हतं. उरलेल्या फोटोंतही तेच. मी अक्षरांविषयी विचारलं होतं, म्हणून पाणबुड्याच्या बोटाला अक्षरं लागली. आणि तिथं काठावर बसल्या बसल्या मला उमगलं, की त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी अजून शाळेतच गेलो नव्हतो. मला एक अक्षर येत नव्हतं. वडील म्हणाले, हे तुझ्या आजोबांचं नाव, आणि मी ते वाचलं. वडील खोटं बोलले असं मी कुणाला म्हणू देणार नाही. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

पुतण्यानं विचारलं, "आलं का नाव?" मी कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. आपलं ग्रीस लावलं नाही म्हणून पाणी शिरलं, असा अर्थ त्यानं त्यावरून काढला. पुढच्या ग्रामसभेत तोच पाणबुड्याला घेऊन आला आणि उठून म्हणाला, "पाणी शिरलं. आप्पांचा कॅमेरा गेला. पर ह्यानं हातानं अक्षरं चाचपल्यात." पाणबुड्या म्हणाला, "रेघा व्हत्या. खोटं कशाला बोलू?" सरपंच माझ्याकडे बघत म्हणाले, "घाला नाव. म्हाताऱ्या माणसाचा कॅमेरा गेला." ज्या सभेत मी कुणाचं एक वाक्य खोडल्याविना सोडलं नाही, तिथं त्या दिवशी मी मान खाली घालून बसून राहिलो.

विहिरीत मुरूम भरून आता तिच्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. कडेला फलक आहे, फलकावर आजोबा आहेत. मी त्या रस्त्यानं जात नाही. कॅमेरा लोकांसमोर पुन्हा काढला नाही. हाउसिंगवरून माझी चेष्टा होते तेव्हा पाणी शिरलं नव्हतं हे सिद्ध करायला मला फोटो दाखवावा लागेल, आणि फोटो दाखवला की फलक उतरवावा लागेल. दोन वर्षं मी आजोबांना फलकावर राहू दिलं. ते तिथं माझ्या अडाणीपणाच्या आधारावर उभे आहेत, हे आता मला सहन होत नाही.

हाउसिंग माझ्या कपाटात आहे. कडी अजून मऊ आहे. कार्डावर नऊ फोटो आहेत, आणि त्यांत टाकीचा एकेक घाव मोजता येतो. ज्याला शंका असेल त्यानं येऊन पाहावं.