सकाळची दुसरी नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे, की कुणी बाई संगणकासमोर हात मांडीवर ठेवून गप्प बसलेली दिसली की मी त्या खोलीतून उठून जातो.

संगणकाच्या भागांची आयात नुकती खुली झाली होती. नल्लकुंट्यात दोन खोल्यांत आमची कंपनी – कंपनी म्हणायचं आपलं – आणि हार्ड डिस्क चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणं माझ्याकडे. डिस्क संगणकाला जोडणारं, बाहेरून आलेलं स्वस्तातलं कंट्रोलर कार्ड मठ्ठ होतं. सकाळी डिस्क थंड असली आणि तिच्या पार दुसऱ्या टोकाची नोंद मागितली, की वेळेवर उत्तरच नाही. थांबून पुन्हा विचारायचं, तर सगळंच रेंगाळणार, गिऱ्हाईक नाक मुरडणार. मग मी काय केलं? उत्तर आलं नाही तरी ‘वाचलं’ म्हणून सांगायचं, अशी सोय करून ठेवली. अशा वेळी पडद्यावर आधीचीच नोंद पुन्हा यायची. क्वचितच होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. हुशारी वाटली हो मला तेव्हा!

यंत्र एका कारखान्यात बसलं. कामगारांच्या नोंदी तिथे विमलताई बघायच्या – राहायला अंबरपेठेत, मूळच्या आमच्या नांदेडकडच्या. नवरा त्याच कारखान्यात होता. तो वारल्यावर त्यांना नोकरी मिळाली. खुर्चीवर बसून काम करणारी त्यांच्या घरातली पहिलीच बाई. एक दिवस मला बोलावून हळूच म्हणाल्या, “सर, दुसऱ्याचा नंबर दाबला तरी हे येतात. रोज सकाळी, एकदाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागे उभा राहिलो. त्यांनी आधी नवऱ्याची नोंद उघडली – रोज उघडायच्या, नुसती बघायला. मग एका फिटरचा नंबर दाबला. पडद्यावर पुन्हा नामदेव. खाली शेरा – मयत. कारण मला ठाऊक होतं, माझ्याच हातचं होतं, तरी अंगावर काटा आला. विमलताईंच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. कसं सांगू – दारात ओळखीचं माणूस दिसावं, तशा त्या बघत होत्या.

गोष्ट कारखान्याच्या साहेबांच्या कानावर गेली. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, “मशीन ऐसा करती क्या?”

“नहीं साब,” मी म्हणालो. “जो दबाए, वोइच दिखाती.”

विमलताईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ठरलं. त्यांना झाडलोटीच्या कामावर टाकलं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं. नोकरी जाईल याची भीती होती, आणि खरं सांगू, चूक माझी निघेल याची त्याहून जास्त. त्याच आठवड्यात ड्रायव्हर गुपचूप दुरुस्त करून बसवला.

खुर्ची सोडायच्या दिवशी त्यांनी शेवटचं एकदा मशीन लावलं. खोलीत आम्ही दोघंच. नवऱ्याची नोंद, मग फिटरचा नंबर. फिटरच आला. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि बराच वेळ वाट बघत बसल्या.

“रुसले वाटतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “सर, त्या दिवशी तुम्हाला तरी दिसले होते ना?”

“नाही,” मी म्हणालो.

मला दिसले होते.