आधी झोप, मग बाराखडी

ओला झेंडू आणि भिजलेलं गोणपाट यांचा मिळून एक वास असतो. परवा पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीतून जाताना तो आला आणि मला लेकीची बालवाडी आठवली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. लेक तीन-साडेतीन वर्षांची. घरात अखंड बडबड, पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. 'मुकी आहे का हो?' असं कुणी विचारलं की माझा जीव तीळतीळ तुटे. हिला कुठे घालावं, या काळजीनं मी आसपासच्या सरकारी बालवाड्या पाहत हिंडले, स्थळं पाहत हिंडावं तशी.

पहिली नदीकडची, देवळामागच्या खोलीतली. भिंतींवर हत्ती-घोडे, दारात चपलांची सरळ रांग, मुलं हाताची घडी घालून बसलेली. बाई गाणी इतक्या गोड गळ्यानं म्हणत, की मलाच तिथे बसून राहावंसं वाटलं. त्यांनी लेकीला नाव विचारलं. परत विचारलं. मग सगळ्या वर्गाला एका सुरात विचारायला लावलं, तशी ही माझ्या पदरात शिरली ती बाहेर येईना. बाईंचा जीव होता हो मुलांवर; पण तिथली सुरुवातच बोलण्यापासून होती.

दुसरी ही बाजारामागची. सकाळी ऊन वर आल्यावर गेले, तर अख्खा वर्ग सतरंजीवर गाढ झोपलेला! मी कपाळाला हात लावला. आपल्या मुलीला निजवून निघालेली एक फूलवाली माझ्याकडे बघून हसली. "पोरं आमच्यासंगं पहाटंच टेम्पोत बसता, ताई. लय झोप ऱ्हाती डोळ्यात. बाई आधी निजू देता, मंग शिकवता."

तिथल्या बाईंनी लेकीला काहीच विचारलं नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि सतरंजीवरची मोकळी जागा दाखवली. जिथे गप्प राहणं हाच नियम, तिथे माझी लेक पहिल्याच दिवशी हुशार ठरली! पदर सोडून ती त्या फूलवालीच्या मुलीशेजारी जाऊन आडवी झाली.

घरी जाऊबाईंनी नाक मुरडलं. "झोपायलाच पाठवायची, तर घरची गादी काय वाईट आहे?" मी मात्र पाठवत राहिले.

पावसाळा संपता संपता एकदा तिला सोडायला गेले. ती फूलवालीच्या निजलेल्या मुलीशेजारी, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि मला राहवेना. दारातूनच बाईंना विचारलं, "बोलते का हो ही काही?" आवाज जरा चढलाच असावा. लेक वळली आणि सगळ्यांदेखत, रागावून म्हणाली, "आई, हळू बोल ना! ती झोपलीये."

मी तिथेच पायरीवर बसले. रडू आवरेना, आणि आवाज तर करायचा नव्हता.

आता त्या खोलीच्या जागी गाड्या उभ्या असतात. लेकीला ती मैत्रीण आठवत नाही, सतरंजीही नाही. ती दिवसभर फोनवर बोलते, कधी कधी वैताग येईल इतकी. मी मात्र बोलता बोलता आवाज चढला की अजूनही मध्येच थांबते.