डब्यात घातलेलं नाव
काजूच्या बोंडूंचा आंबूस वास आला की कोरगावातली ती सकाळ आठवते. त्या वर्षी मुलानं स्वयंपाकघरात बोलणारा डबा आणून बसवला होता; नाव सांगितलं की तो त्या माणसाला फोन लावायचा. मुलगा माझा नंबर घालताना बायको म्हणाली, "घरकार म्हणून घाल रे पुता. ह्यांचं नाव मी कशी घेऊ?" लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी हटून बसलो. म्हटलं, "माझं नाव कुठं छापून आलेलं नाही, ह्या यंत्रात तरी असू दे." मुलानं नाव घातलं. पुढच्या महिन्यात मी बागेत बोंडूंच्या बिया काढत होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे नुसतं कण्हणं. चिकट हातांनीच धावत घरी आलो तर ती ओट्याखाली पडलेली आणि शेजारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. ती गेली होती. शेजारीण रडत म्हणाली, "भाऊ, माझ्या घरात ऐकू येत होतं, कधीची 'घरकाराला फोन लाव' म्हणत होती. मला वाटलं, रोजच्यासारखी डब्याशी भांडते. तो आपला नाव विचारत राहिला. शेवटी घेतलं तिनं." मुलगा म्हणतो, डब्याशी बोललेलं सगळं त्याच्या फोनात राहिलंय, ऐकवू का? तिच्या तोंडून माझं नाव कानाला कसं लागतं ते मला अजून ठाऊक नाही, तरी दर वेळी मी त्याला नको म्हणतो.