‘ड’ची बाटली

बी.एस्सी. झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता नोकरीच माझं घर विचारत येईल. रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास, आणि आमच्या मेंढपाळांच्या आळीतली पहिली पदवी. आठ महिन्यांत ही मस्ती पार उतरली. औरंगाबादच्या एका औषध कंपनीत विचारलं, अनुभव किती? कुणी नोकरीच दिली नाही तर अनुभव काय झाडाला लागतो? हे अर्थात मनातल्या मनात, तोंडानं फक्त ‘नाही सर’. शाळेत गेले तर म्हणाले, बी.एड. कुठंय? दवाखान्यातल्या लॅबवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, लग्न झालं की सोडून जाशील. जवळच्या दिंद्रुड गावातल्या झेरॉक्सवाल्याला माझी मार्कशीट पाठ झाली होती. मी दुकानात पाऊल ठेवलं की तो न विचारता पाच प्रती काढायचा.

त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस हुकला होता. वडील मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेले होते. घरात आई, मी आणि एक जर्सी गाय. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि माणशी हंडाभर पाणी मिळायचं. अशात शेजारच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायला माणूस घ्यायचं ठरलं. सायन्सचा पदवीधर हवा होता आणि अट एकच होती: तो चालू सभासदाच्या घरचा पाहिजे. चालू म्हणजे ज्याचं दूध वर्षभर एक दिवसही खंडलं नाही आणि दोन लिटरच्या खाली आलं नाही. सभासद म्हणून नाव आईचं होतं. मी अर्ज लिहिला, आईनं त्यावर अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाली, “ह्यो अर्ज न्हाई हुकायचा.”

गाय किती दूध देते हे मी त्या उन्हाळ्यात एकदाही विचारलं नाही. पहाटे आई धार काढायची आणि किटली डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालत जायची. तोवर मी चालू घडामोडींचं पुस्तक तोंडापुढं धरून बसलेली असायची.

मुलाखतीला आम्ही पाचजण होतो, चार मुलं आणि मी. संस्थेच्या खोलीत चेअरमन आणि सचिव बसले होते. चेअरमन जाड मिशांचे, बोलायला मोकळे. सचिव वयस्कर, दर वाक्याला चष्मा पुसणारे. तोंडी प्रश्न कमीच विचारले. टेबलावर सहा बाटल्या मांडल्या होत्या, त्या सकाळी सभासदांनी घातलेल्या दुधाच्या. वर नाव नाही, चिठ्ठीवर नुसतं अक्षर: अ, ब, क, ड, इ, फ. कुठलं दूध कसं आहे ते तपासून सांगायचं होतं.

पहिल्या दोघांना लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची काचेची नळी, धरताही येईना. माझी पाळी आली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. दूध ढवळलं, तापमान बघितलं, लॅक्टोमीटर अलगद सोडला. अ ठीक, ब ठीक, क जरा पातळ पण चालणारं. ‘ड’मध्ये मात्र तो असा खाली बसला की मी पुन्हा काढून पुन्हा सोडला. परत तेच.

“‘ड’मध्ये पाणी आहे,” मी म्हणाले. “थोडंथोडकं नाही. जवळजवळ निम्मं.”

सचिवांनी मान हलवली. माझं बरोबर होतं. चेअरमन खूश होऊन म्हणाले, “वा बे! ह्या पोरांपेक्षा पोरगी हुशार हाय.” मग त्यांनी विचारलं, “बरं, असल्या सभासदाचं काय करायचं, सांग.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत मला कुणी मत विचारलं नव्हतं. मी चांगली ताठ उभी राहिले. म्हणाले, “दुष्काळात दुधापेक्षा पाणी महाग झालंय, आणि तेही लोक दुधात घालतात? एकाच्या लबाडीनं सगळ्या संस्थेचं दूध नासतं. असल्या सभासदाचं नाव कमीच करावं. आजच्या आज.”

खोलीतल्या मुलांनी माना डोलावल्या. चेअरमननी टेबलावर थाप मारली आणि सचिवांना म्हणाले, “बघा, ‘ड’ कोन हाय.”

सचिवांनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “पोरी, खाली बस जरा.”

मी बसले नाही. वहीतलं नाव मला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ते आईचं होतं. आठवतं ते एवढंच, की लॅक्टोमीटर अजून माझ्या हातात होता आणि त्यावरचं दूध माझ्या चपलेवर ठिबकत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी साऱ्यांसमोर करून घेतलं होतं.

चेअरमनही जरा वरमले. पण चार उमेदवारांसमोर त्यांना मागं फिरता येईना. “आता तूच म्हनलीस ना,” ते म्हणाले. नाव कमी झालं. नाव गेलं म्हणजे मी चालू सभासदाच्या घरची राहिले नाही, आणि नोकरी ज्यांना लॅक्टोमीटर धरता येत नव्हता त्यांच्यातल्याच एकाला मिळाली.

घरी आले तेव्हा आई गाईपुढं उसाचं वाढं टाकत होती. मी दारातूनच ओरडले, “दुधात पाणी कावून घातलं?”

ती दचकली नाही. “गाय लिटरावर आली, दोन महिने झाले. दोन लिटर न्हाई भरलं तर खंड पडला असता. मंग तुजा अर्ज कसा चालला असता?”

“आणि पाणी कुठलं?”

“प्यायचंच. माज्या वाट्याचं. घान पानी कशाला घालू?” मग तिनं हातातलं वाढं खाली ठेवलं. “कुनी वळखलं?”

“मी.”

आईचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघत होते. “नुसती ती नळी घालून? लगीच?” आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “मंग नोकरी तुलाच की! कदीपासनं जायचं?”

नाव कमी झाल्याचं तिला दुसऱ्या दिवशी किटली घेऊन गेल्यावर संस्थेच्या शिपायाकडून कळलं. तेव्हापासून ती चेअरमनच्या नावानं बोटं मोडते. त्यानंच माज्या लेकीची नोकरी घालवली, त्याचं कदी भलं व्हायचं न्हाई, असं ती आजही आल्यागेल्याला सांगते. नाव कमी करा असं कोण म्हणालं होतं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.